फरशीवरची शिवकांता

नागप्पा मिस्त्रीचे गुडघे एका दिवसात गेले नाहीत. आधी ते कुरकुरले, मग सुजले, मग पायऱ्या चढताना वाजायला लागले. आणि कंधारच्या एका घरी न्हाणीघराची फरशी बसवता बसवता तो उकिडवा बसला तो उठेचना. बायको शिवकांता बाहेर सिमेंट-वाळूचा माल कालवत होती. हाक ऐकून ती आत आली, त्याला काखेत धरून उभं केलं, भिंतीला टेकवलं आणि म्हणाली, "जरा दम खावा. कुठं आग लागली हाय."

आग लागली नव्हती, पण काम अडलं होतं. घरमालकानं दुसरा मिस्त्री आणला. नागप्पा ओसरीवर पाय लांब करून बसला, आणि शिवकांता सवयीनं त्या नव्या माणसाच्या हाताखाली उभी राहिली. तो माल पसरत होता, वरून सिमेंटची रबडी ओतत होता, फरशी ठेवून रबरी हातोडीनं ठोकत होता. ती बघत होती. बघता बघता तिच्या मनात सहज येऊन गेलं, की अगं, हे तर आपल्याला येतं.

हे आधी कधीच कसं मनात आलं नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. माहेर देगलूरकडचं. नागप्पा उदगीरकडचा, घरात कानडी बोलणारा. लग्न होऊन मुखेडला आल्यापासून ती त्याच्याबरोबर कामावर जात होती. माल कालवायचा, फरश्या धुवून हातात द्यायच्या, सुताचं एक टोक धरून उभं राहायचं, शेवटी सांधे भरायचे आणि ओल्या फडक्यानं सगळं पुसून घरमालकाला दाखवायचं. दगडी शहाबादीच्या काळापासून आरशासारख्या टाईल्सपर्यंत सगळा माल तिच्या हातून गेला होता. फक्त फरशी ठेवायची ती नागप्पानं. असं कुणी ठरवलं नव्हतं. चालत आलं होतं.

नागप्पा उदगीरला थोरल्या भावाकडं, रुद्रेशकडं, उपचाराला गेला. इकडं शिवकांतानं घरामागच्या पत्र्याखाली डोकावलं. निरनिराळ्या घरांतून उरलेल्या, कुणी देऊ केलेल्या, कुणी फेकायला काढलेल्या फरश्या तिथं वर्षानुवर्षं रचून ठेवल्या होत्या. मिस्त्रीच्या स्वतःच्या घरात मात्र साधा सिमेंटचा कोबा, तोही जागोजागी उखणलेला. लोकांच्या जमिनी चमकवता चमकवता आपली राहून गेली होती.

तिनं स्वयंपाकघरातली भांडी अंगणात काढली आणि सूत बांधलं. पहिली ओळ वाकडी गेली, ती उचलली. दुसऱ्यांदा बसवली तर एक टोक खाली आणि एक वर, तीही उचलली. तिसऱ्या खेपेला तिला उमगलं, की ती फरशीकडं बघत होती, सुताकडं नाही. मग ओळ सरळ निघाली आणि तिचं तिलाच हसू आलं.

शेजारची रत्नम्मा दारात येऊन उभी राहिली. "मिस्त्री गावाला गेला आन तू हे काय करून राहिलीस?"

"तो यायच्या आत करून राहिले," शिवकांता मान वर न करता म्हणाली.

नागप्पा परतला तो हातात काठी घेऊन. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, शेक सांगितला होता आणि खाली बसायला कायमचं बंद केलं होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तो थबकला. समोर लाल, करडी, हिरवट, नक्षीची, बिननक्षीची, सतरा घरची फरशी एका जमिनीत बसली होती. तो आत आला आणि काठीच्या टोकानं एकेक फरशी वाजवू लागला. नीट बसलेली फरशी भरीव बोलते. खाली पोकळी राहिली तर आवाज ढब येतो. टक, टक, टक करत तो चुलीपाशी पोचला. तिथं एक ढब वाजली.

"ही पोकळ हाय."

"हाव," शिवकांता म्हणाली. तिला ते ठाऊक होतं. त्या फरशीच्या वेळी दूध उतू चाललं होतं.

नागप्पानं उरलेल्या वाजवल्या, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि मग म्हणाला, "रंगाचं मात्र कायच्या काय केलंस. गोधडी केलीस गोधडी."

"मग गोधडीच हाय ती."

नागप्पा हसायला लागला. कितीतरी दिवसांनी हसला. "साकु," तो कानडीत म्हणाला. म्हणजे पुरे, झालं. "लोह्याचं काम सोडायचं न्हाई मग."

लोहा गावचं ते काम गुडघे जायच्या आधीच ठरलं होतं. आनंदराज सोनकांबळे एसटीत कंडक्टर. मुखेडच्या गाडीवर असताना नागप्पाशी त्याची ओळख झालेली. त्याची बायको लुंबिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोघांनी मिळून लोह्यात घर बांधायला काढलं होतं, आणि भिंती, छत होऊन आता फरशीवर येऊन थांबलं होतं. आनंदराजची आई सरजाबाई त्याच जागेत एका बाजूला, पत्र्याच्या खोलीत, बांधकामावर लक्ष ठेवून बसलेली असे. उभा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेलेली बाई. मुलाचं पक्कं घर उठताना बघणं हेच तिचं सध्याचं काम होतं, आणि ते ती मन लावून करत होती.

"पण ते मला काम देतील का?" शिवकांतानं विचारलं.

"तुला कशाला विचारायचं त्यांनी? मी खुर्ची टाकून बसतो. मिस्त्री दिसला म्हंजे झालं. खाली कोन बसलंय ते कोन बघतंय," नागप्पा म्हणाला.

शिवकांताला ते फारसं पटलं नाही. पण हात शिवशिवत होते, म्हणून ती हो म्हणाली.

फरशी निवडायला सगळे मिळून नांदेडला गेले. दुकान भलं मोठं. फरश्या भिंतीला दारांसारख्या टांगलेल्या. एक ओढली की मागून दुसरी निघायची. लुंबिनीनं आल्या आल्या पांढरीशुभ्र चकचकीत फरशी पसंत केली. तिच्यात छताचा दिवा दिसत होता आणि दिव्याखाली उभा असलेला दुकानदारही दिसत होता.

"हीच घेऊ सगळ्या घरात," लुंबिनी म्हणाली. "माझ्या मनात पहिल्यापासून हीच होती."

सरजाबाईनं चपला काढल्या आणि जमिनीवर ठेवलेल्या नमुन्यावर उभी राहिली. "गार हाय. पन पाय धरत न्हाई."

शिवकांतानं दुकानातल्या पोराकडून पेलाभर पाणी मागून फरशीवर ओतलं आणि सरजाबाईचा दंड धरला. म्हातारीनं पाऊल टाकलं ते सरकन पुढं गेलं. मग शिवकांतानं वाळूच्या रंगाची, जरा खरबरीत अंगाची एक फरशी खाली काढायला लावली आणि तिच्यावरही पाणी ओतलं. तिथं पाय ठरला.

"मॅडम, तुमच्या दारात काळी माती हाय," ती लुंबिनीला म्हणाली. "पावसाळ्यात भाऊ ड्यूटीवरून आले की दारापासून खाटेपर्यंत एकेक पाऊल दिसंल."

"दिसलं तर पुसू की."

"शाळेतून येऊन रोज पुसाल?"

लुंबिनीनं नवऱ्याच्या पायातल्या बुटांकडं पाहिलं. आनंदराजनं पाय मागं घेतले. बैठक आणि खोल्यांना वाळूच्या रंगाची फरशी ठरली. ओसरीसाठी सरजाबाईनं कुणाला न विचारता निळीवर बोट ठेवलं, आणि तीच ठरली. पण स्वयंपाकघराशी येऊन लुंबिनी अडून बसली. "तिथं पांढरीच. चकचकीत नको, तुमचं ऐकते. पण पांढरी."

"हळद, तेल, सगळं दिसंल मॅडम."

"दिसायलाच पाहिजे. दिसलं नाही तर पुसणार कसं? आणि त्या खोलीला खिडकी एकच. आईंनी आयुष्यभर अंधारात भाकरी थापल्या. आता तरी तिथं उजेड पडू द्या."

फरशी घरात उजेड आणते, हे शिवकांताच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. नागप्पा दुकानदारानं दिलेल्या खुर्चीत बसून प्रत्येक बोलण्यावर "बराबर" म्हणत होता. खुर्चीत बसायची त्याची तालीम तिथंच सुरू झाली होती म्हणायची.

काम लागलं. रोज सकाळी मुखेडहून एसटीनं लोह्याला यायचं आणि दिवस कलला की परत. आनंदराज ड्यूटीवर, लुंबिनी शाळेत. त्यामुळं दिवसभर रान मोकळं. नागप्पा मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर काठी. शिवकांता खाली. तो म्हणायचा "उजवीकडं", ती म्हणायची "बघितलं". तो म्हणायचा "दाब", ती म्हणायची "दाबली". न्हाणीचा ढाळ मोरीकडं हवा, इथं तो इतका कासावीस व्हायचा की खुर्चीसकट पुढं सरकायचा. शिवकांतानं मग बादलीभर पाणी ओतून दाखवलं. पाणी इकडंतिकडं न बघता थेट मोरीत गेलं. नागप्पा खुर्चीसकट मागं सरकला.

एकदा आनंदराज अवेळी आला. दारात बुटांचा आवाज झाला तशी शिवकांता उठून घमेल्यापाशी गेली आणि नागप्पानं थापी उचलली. उचलली ती उलटी. आनंदराज बराच वेळ बोलत उभा राहिला, आणि नागप्पा उलटी थापी हवेत धरून मान डोलवत राहिला. तो गेल्यावर दोघं नवराबायको तोंडात पदर आणि रुमाल कोंबून हसली.

बैठकीची खोली पुरी झाली त्या संध्याकाळी शिवकांतानं दाराला आडवी दोरी बांधली. सरजाबाई बाहेर तूर निवडत बसली होती. "मावशी, उद्या सकाळपतोर आत पाय टाकायचा न्हाई बरं का. ओली हाय अजून."

"मी कशाला टाकते," सरजाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नागप्पाला घेऊन आनंदराज उरलेलं सामान आणायला परभारे नांदेडला गेला. शिवकांता एकटीच लोह्याला आली. दोरी जागच्या जागी होती. पण आत पाऊल टाकण्याआधीच तिला दिसलं, की खिडकीतून येणारं ऊन मधोमध मोडलंय. तिनं वाकून पट्टी लावली. दारापासून मध्यापर्यंत फरश्यांचे कोपरे दबले होते, आणि मधल्या पाच-सहा फरश्या तर ताटासारख्या खाली बसल्या होत्या.

सरजाबाई पत्र्याच्या खोलीच्या दारात होती. तिच्या पुढ्यात सूप होतं, पण सुपात काही नव्हतं.

"मावशी, आत कोन गेलं होतं?"

"मांजर असंल."

"मांजर बसल्यावर फरशी दबत न्हाई."

सरजाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "मीच गेले. दोरीखालून वाकून गेले. दिसभर बघत होते, वाटलं उगं उभं राहून बघावं. उभी राहिले. मंग वाटलं, बसून बघावं."

"आन?"

"बसले त लई गार लागलं गं. उन्हानं अंग नुसतं भाजून निघालं होतं. जराशी आडवी झाले." ती थांबली. "डोळा लागला."

शिवकांता तिच्याकडं बघत राहिली. मग तिच्या पोटातून हसू वर आलं, आणि ते आवरेना. ती दारातच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सरजाबाई आधी ओशाळली, मग तिलाही हसू फुटलं. "जल्मात पहिल्यांदा मपल्या घरात झोपले," ती म्हणाली, "आन तेच नडलं बग."

हसून झाल्यावर शिवकांतानं पदर खोचला. दबलेल्या फरश्या उचलायलाच हव्या होत्या. रात्रभरात माल धरला होता. छिन्नी घालून सावकाश उचलल्या तरी मधल्या बहुतेक फुटल्या. कडेच्या ओळी मात्र धड निघाल्या. तिनं खालचा माल खरवडला, नवा पसरला, रबडी ओतली आणि कडेच्या फरश्या पुन्हा बसवायला घेतल्या. कामाच्या नादात आपल्याला कुणी बघतंय, हे ती विसरून गेली.

"तुझा हात बसलाय चांगला," दोरीपलीकडून सरजाबाई म्हणाली.

शिवकांताची हातोडी वरच्या वर थांबली.

"भिऊ नको. पहिल्या दिसापासून मालूम हाय मला. तुझा मालक खुर्चीतून कवा उठला, सांग बरं. मी खिडकीसमोरच बसते."

"मावशी, भाऊला सांगू नका."

"कामून सांगू? माझं तू झाक, तुझं मी झाकते."

सौदा झाला. पण तो संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नाही.

फुटलेल्या फरश्यांच्या जागी घालायला राखून ठेवलेला डबा बघितला, तर त्यातल्या बहुतेक फरश्या आधीच कडेला कापून घालण्यात गेलेल्या. दोनच धड निघाल्या. शिवकांतानं नांदेडला नागप्पाला फोन लावला. दुकानात त्याच नावाची फरशी होती, ती घेऊन तो आणि आनंदराज उन्हं उतरताना आले. जमिनीला लावून बघितली तर नवी फरशी एका छटेनं गडद. भट्टी बदलली की रंग बदलतो. नाव तेच राहतं. चांगल्या सारवलेल्या अंगणात कुणी ओलं पोतेरं टाकावं तशी ती दिसली असती. तेवढ्यात लुंबिनीही शाळेतून आली, आणि सगळे ओली कड सोडून बैठकीच्या मधोमध पडलेल्या भगदाडाभोवती उभे राहिले.

"मिस्त्री, हे असं कसं झालं?" आनंदराजनं विचारलं.

नागप्पानं शिवकांताकडं पाहिलं. शिवकांतानं जमिनीकडं. शेवटी सरजाबाईच म्हणाली, "मी झोपले होते तिथं."

आनंदराजला हसावं का रागवावं कळेना. पण माणूस कंडक्टर; कोण कुठं चढलं आणि कुठं उतरलं, हा हिशेब त्याच्या डोक्यात कायम चालू. तो कडेच्या ओळीकडं बघत हळूच म्हणाला, "मिस्त्री तर सकाळपासून माझ्यासंग होते. मग फुटलेलं काढलं कुणी? आन ही ओळ नव्यानं बसवली कुणी?"

"मी," शिवकांता म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबावंसं वाटेना. "हीच न्हाई, सगळीच. न्हाणी मी, खोल्या मी. ह्यांचे गुडघे गेले. हे नुसते खुर्चीवर होते."

"नुसता कामून?" नागप्पा पुटपुटला. "लेव्हल मीच बघत होतो."

मग लुंबिनी म्हणाली, "लपवलं कशाला, ताई? मला याचाच राग आला. बाईनं केलं म्हणून नाही."

"सांगितलं असतं तर काम दिलं असतं का मॅडम?"

खरं काय ते लुंबिनीनं मनात चाचपून बघितलं. "नाही," ती म्हणाली. "पहिल्यांदा नसतंच दिलं."

आनंदराज मात्र अजून काळजीत होता. "माझं सांगायचं त मी एकदाच घर बांधणार हाय, ताई. दुसऱ्यांदा होणं न्हाई."

नागप्पानं आपली काठी त्याच्या हातात दिली. "वाजवून बघा. फक्त ही आजची कडंची ओळ सोडा, ती ओली हाय. बाकी जिथं ढब वाजंल तिथली मी माझ्या हातानं उकरतो."

आनंदराज काठी घेऊन निघाला. गाडीत तिकिटं फाडत पुढून मागं जावं तसा तो ओळीनं घरभर गेला. आतल्या खोल्यांतून काठीचा आवाज येत राहिला. शिवकांता कान देऊन ऐकत होती; आपल्या हातची प्रत्येक फरशी तिला आवाजावरून ओळखू येत होती. न्हाणीतून, स्वयंपाकघरातून, ओसरीवरून तो परत आला. एकही ढब नव्हती. त्यानं काठी नागप्पाला दिली, त्याच्यासाठी खुर्ची ओढली, आणि मग शिवकांताकडं वळून विचारलं, "मिस्त्री, आता ह्या खड्ड्याचं काय करायचं?"

शिवकांताला क्षणभर वाटलं, तो नागप्पाशीच बोलतोय. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"नवी फरशी इथं जुळायची न्हाई," ती म्हणाली. "जुळत न्हाई त मग वेगळंच दिसू द्यावं. फुटलेले तुकडे हायेत, स्वयंपाकघरातले पांढरे हायेत, ओसरीचे निळे हायेत. तुकड्या-तुकड्यांचं काहीतरी बसवता येईल. पन मला चित्र काढता येत न्हाई."

"मला येतं," लुंबिनी म्हणाली, आणि पर्समधून खडू काढला. शाळेतल्या बाईंच्या पर्समध्ये खडू असतोच.

ती रविवारी सकाळी गुडघ्यांवर बसली आणि मोकळ्या जागेत तिनं कमळ काढलं. सरजाबाईनं ते बघून सांगितलं, की पाकळ्या अशा मिटलेल्या नकोत, ह्या घरात लेकरं-सुना येणार, पसरट काढ. लुंबिनीनं पुसून पसरट काढल्या. मग शिवकांतानं पकडीनं तुकडे तासायला घेतले. पांढऱ्या तुकड्यांच्या पाकळ्या, मध्यात वाळूच्या रंगाचे बारीक कण, सभोवती निळं पाणी. आनंदराज सुट्टी टाकून घरी राहिला होता. तो तुकडे रंगाप्रमाणं वेगळे करून देत होता आणि मधून मधून चुकीचा देत होता. एक पाकळी लुंबिनीनं स्वतः बसवली. ती किंचित तिरकी आहे, अजूनही. शिवकांतानं ती मुद्दाम तशीच ठेवली.

सांधे भरून झाले, दोन दिवस गेले, मग तिनं ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढलं. सिमेंटची धूळ गेली आणि कमळ वर आलं. सरजाबाई बराच वेळ बघत राहिली. "ह्याच्यावर पाय कसा द्यावा?" ती म्हणाली.

"द्या की. तुमच्यासाठीच त झालं," शिवकांता म्हणाली, आणि पुन्हा सगळी हसायला लागली.

निघण्याआधी तिनं लुंबिनीला चार गोष्टी सांगितल्या. फरशीवर अॅसिड कधीच ओतायचं नाही. डाग जातो, पण सांधाही जातो. साध्या पाण्यात जरासा साबण, बस्स. बोअरचं पाणी सांडलं तर तसंच वाळू द्यायचं नाही, पांढरे ठिपके धरतात. धरलेच तर लिंबू चोळायचं आणि लगेच धुवायचं. कपाट ओढायचं नाही, पायाखाली गोणपाट घालून सरकवायचं. लुंबिनी वर्गातल्या हुशार पोरीसारखी ऐकत होती. शेवटी शिवकांता म्हणाली, "आन मॅडम, स्वयंपाकघराचं तुमचं बराबर होतं. काल सांजच्याला तिथं दिवा न लावता भाजी निवडली मावशीनं."

घरभरणीचा दिवस मोठ्या आनंदाचा झाला. भंतेजी आले, वंदना झाली, खीर वाटली. माणसं चपला ओसरीवर काढून आत यायची, निळ्या फरशीवरून वाळूच्या रंगावर, आणि मधोमध येऊन थांबायची. लेकरं कमळात गोल करून बसली ती उठायला तयार नव्हती. त्यांना खीर तिथंच नेऊन द्यावी लागली. लुंबिनीनं शिवकांताला नवं लुगडं दिलं, आणि येईल त्याला सांगत राहिली, "ह्या आमच्या मिस्त्री." बायका शिवकांताचे हात हातात घेऊन बघत होत्या. नागप्पा खुर्चीत बसून खीर खात होता. एकानं त्याला विचारलं, "मग पाव्हणं, तुम्ही काय करता?"

"मी ऐकतो," नागप्पा म्हणाला. "फरशी खरं बोलती का खोटं, ते."

पाहुण्यांत अर्धापूरचा भागवत म्हणून एक केळीवाला शेतकरी होता. आनंदराजच्या गाडीचा जुना प्रवासी. त्यानं कमळाभोवती दोन चकरा मारल्या आणि शिवकांतापाशी आला. "ताई, माझं पन घर चालू हाय. असलं काहीतरी पडवीत पाहिजे. पन फूल नको, केळीचा घड पाहिजे."

शिवकांताला वाटलं, चेष्टा करतोय. पण भागवत गंभीर होता. ज्या पिकानं घर उभं केलं, ते दारात दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं.

त्या हिवाळ्यात ती दोघं अर्धापूरला गेली. माल कालवायला रत्नम्मा बरोबर आली होती. घरी बसून कंटाळले, म्हणाली. भागवतची पडवी मोठी, समोर केळीची बाग, वाऱ्यानं पानं फडफडत होती. शिवकांतानं स्वतःच खडू घेतला. आता तिला थोडंफार चित्र जमू लागलं होतं. घड निघाला. मग प्रश्न आला रंगाचा.

"हिरवा की पिवळा?" तिनं विचारलं.

भागवत म्हणाला, "हिरवा. माल बागेतून निघतो त हिरवाच निघतो."

आतून त्याची आई म्हणाली, "हिरवी केळी कोन खातंय? पिवळा करा."

दोघांचं जुंपलं. भागवत बाजारभावाचं सांगू लागला, आई पाहुण्यांच्या तोंडाचं. रत्नम्मा माल वाळून चालला म्हणून दारातून हाका मारत होती. शिवकांतानं खुर्चीकडं पाहिलं.

"व्यापाऱ्याला हिरवा लागतो, घरच्याला पिकलेला," नागप्पा म्हणाला. "बाहेरून आत येताना हिरवा दिसू दे, घरातून बाहेर जाताना पिवळा."

शिवकांतानं बाहेरची केळी हिरव्या तुकड्यांची केली आणि उंबऱ्याकडची पिवळ्या. दुपारी भागवतच्या आईनं सगळ्यांना ज्वारीच्या भाकरी, पिठलं आणि शेवटी खरीखुरी पिकलेली केळी वाढली. रत्नम्मानं चार खाल्ली. शिवकांता सावलीत जरा टेकली, पाय लांब केले, आणि मग पुन्हा पदर खोचून सुताचं टोक बांधायला उठली. आतली बैठक अजून सगळीच बाकी होती.